बाबांना दर सहा महिन्यांनी कोविडचा बूस्टर लागतो का?

प्रश्न: आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. माझे आई-बाबा आमच्याकडेच असतात. बाबा ७४ वर्षांचे, वीस वर्षांपासून शुगर, एक अँजिओप्लास्टी झालेली. आई ६८ ची, तिला बीपी. दोघांचे कोविशिल्डचे दोन आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रिकॉशन, म्हणजे तिसरा बूस्टर डोस झाले. मी ४१ आणि मिस्टर ४५, आमचे दोन-दोनच. मुलगी १४ ची, मुलगा ७ चा, त्यांना एकही नाही. धाकट्या बहिणीला पाचवा महिना आहे. नणंदेच्या १९ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने तिकडचा वयानुसार डोसचा तक्ता पाठवलाय आणि म्हणतो, ६५ च्या वर दर सहा महिन्यांनी द्यावाच लागतो, तुम्ही बाबांकडे लक्ष देत नाही. मी तीन हॉस्पिटलांत विचारलं, सगळीकडे एकच उत्तर: स्टॉक नाही. मिस्टर म्हणतात लसीनेच हार्ट अटॅक येतात, बाबांना आता काही टोचू नका. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, तीन हॉस्पिटलांत जाऊन विचारणाऱ्या मुलीला कुणी दुर्लक्ष केलं म्हणू नये. भावाची काळजी खरी आहे आणि त्याचा तक्ताही खोटा नाही. पण तो तक्ता ज्या लसीसाठी बनला, ती नागपुरात मिळत नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

अमेरिकेत कोविडची लस फ्लूच्या लसीसारखी दर वर्षी नव्या विषाणूप्रमाणे बदलतात. २०२३ मध्ये ती एक्सबीबी.१.५ या प्रकारावर बेतली होती, २०२४ मध्ये जेएन.१ आणि केपी.२ वर, २०२५ मध्ये एलपी.८.१ वर. आपल्याकडे कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन, कॉर्बेव्हॅक्स या तिन्ही लसी २०२० च्या मूळ विषाणूवरच्या. २०२३ च्या जानेवारीत नाकात थेंब टाकायची इन्कोव्हॅक आली, तीही मूळ विषाणूचीच. ओमायक्रॉनसाठी म्हणून पुण्याच्या जेनोव्हाने २०२३ च्या जूनमध्ये जेमकोव्हॅक-ओएम आणली. ती सुईशिवाय, दाबाच्या उपकरणाने कातडीत देतात. पण तीसुद्धा ओमायक्रॉनच्या सुरुवातीच्या रूपावर बेतलेली, आणि विषाणू तिथून फार पुढे गेलाय. तिकडचं ‘दर सहा महिन्यांनी’ इकडच्या जुन्या लसीला लावता येत नाही.

तो तक्ताही दर वर्षी बदलतो, हे भावाला सांगा. २०२४-२५ च्या हंगामात तिथे ६५ वर्षांवरच्यांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस सांगितले होते. २०२५ च्या ऑगस्टपासून तिथल्या औषध प्रशासनाने नव्या लसींची मान्यता ६५ च्या वरचे आणि त्याहून लहान पण आजार असलेले, एवढ्यांपुरतीच ठेवली. ब्रिटनमध्ये सरकार वयाच्या निकषावर बोलावतं ते ७५ पासून. तिथल्या हिशोबात बाबा वयाने बसलेच नसते. म्हणजे प्रगत देशांचंही वयावर एकमत नाही. एकमत आहे ते इतकंच की वय जास्त आणि जोडीला आजार असतील, तर धोका खरा असतो.

आता ‘स्टॉक नाही’चं. ते बहुतेक खरंच असतं. कोविशिल्डची कुपी दहा डोसची यायची, आणि एकदा बूच टोचलं की ती काही तासांत संपवावी लागते. सरकारने १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस १८ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रिकॉशन डोस मोफत दिला. तुमच्या आई-बाबांचा त्याच मोहिमेतला दिसतो. त्यानंतर मागणी आटली. एका माणसासाठी कुपी उघडायची आणि नऊ डोस फेकायचे, हे खाजगी दवाखान्याला परवडत नाही. महापालिकेच्या दवाखान्यात बाळांच्या नियमित लसीकरणाच्या यादीत कोविडची लस नाही. त्यामुळे इतवारीपासून मिहानपर्यंत उंबरे झिजवत बसू नका.

आपल्या देशाच्या नियमाने बघायचं तर १८ च्या वर दोन डोस आणि सहा महिन्यांनी एक प्रिकॉशन डोस. १२ ते १७ ला दोन. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली होती, पण मोहीम कधी सुरूच झाली नाही. सरकारी कार्यक्रमात चौथा डोस कुणालाच नव्हता. या हिशोबाने आई-बाबांचं पूर्ण झालंय, तुम्हा दोघांचा प्रत्येकी एक राहिला, मुलीचे दोन राहिले, आणि मुलाचं काहीच राहिलं नाही.

पण बाबांसाठी एवढ्यावर थांबू नका. लसीपासून दोन प्रकारचं संरक्षण मिळतं. लागणच होऊ नये यासाठीचं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. आजार छातीत उतरू नये, ऑक्सिजनवर जायची वेळ येऊ नये, हे संरक्षण जास्त टिकतं, पण म्हातारपणात आणि शुगरमध्ये तेही हळूहळू पातळ होतं. जागतिक आरोग्य संघटना अशा माणसांसाठी शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा एक डोस सुचवते. त्या अर्थाने भाऊ बरोबर बोलतोय: बाबांचा डोस होऊन बराच काळ लोटलाय.

आमचं मत असं: ओळखीच्या, नीट शीतसाखळी असलेल्या रुग्णालयात मुदतीतली लस मिळाली आणि बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर एक डोस जरूर द्या. मिळाली नाही तर जिवाला घोर लावून घेऊ नका. देताना कुपी हातात मागा आणि नाव, बॅच नंबर, मुदत यांचा मोबाईलवर फोटो काढा. या लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. जास्त गरम झाल्या तर बाद होतात, आणि बर्फाच्या खणात गोठल्या तरी कामातून जातात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात कुणी साध्या पिशवीतून घरी आणून टोचून देतो म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. बाबांना नुकताच कोविड होऊन गेला असेल तर तीन महिने थांबा. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल किंवा इकोस्प्रिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर गोळी बंद करायची नाही. नर्सला आधी सांगायचं, बारीक सुई वापरायला लावायची, आणि नंतर कापूस न चोळता दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचा. अर्धा तास तिथेच बसा. रात्री अंग दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल पुरे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या हृदयरोग्याला मनाने देऊ नयेत.

खरं महत्त्वाचं काम दुसरंच आहे, आणि त्यासाठी स्टॉकची वाट बघावी लागत नाही. बाबांच्या छातीला धोका फक्त कोविडचा नाही. फ्लू आणि न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू शुगरच्या आणि हृदयाच्या रुग्णाला तितकेच आडवे करतात. दोन्हींच्या लसी नागपुरात खाजगीत मिळतात. कोविडच्या बूस्टरमागे धावताना घरोघरी नेमक्या याच राहून जातात.

फ्लूची लस दर वर्षी घ्यायची. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू उसळतो आणि लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यात, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात झालेली बरी. विचारताना ‘या वर्षीची आहे का’ एवढंच पुरत नाही. खोक्यावर दक्षिण गोलार्ध की उत्तर गोलार्ध आणि कोणत्या वर्षाची, हे लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात त्या वर्षाची दक्षिण गोलार्धाची मागा. बऱ्याचदा घोडं इथेच पेंड खातं: एप्रिलमध्ये फ्रिजमधली मागच्या हिवाळ्याची उरलेली लस देऊन टाकतात. पूर्वी चार प्रकारांची लस यायची, आता तीन प्रकारांची दिसेल. घाबरू नका. बी-यामागाता हा प्रकार २०२० च्या मार्चनंतर जगात कुठे आढळलेला नाही, म्हणून तो वगळला. अंड्याची ॲलर्जी हे आता न घेण्याचं कारण राहिलेलं नाही. आईलाही हीच द्या, दोघांना एकाच दिवशी घेऊन जा.

न्यूमोनियाची लस वरचेवर लागत नाही. आधी १३ प्रकारांची (पीसीव्ही १३) आणि वर्षानंतर २३ प्रकारांची (पीपीएसव्ही २३), हा नेहमीचा क्रम. क्रम उलटा करू नका, २३ आधी दिली तर नंतरच्या १३ चा प्रतिसाद कमी येतो. २० प्रकारांची एकच लस मिळाली तर तिच्या एका डोसवर काम होतं, मग २३ ची गरज नाही. फ्लू आणि न्यूमोनिया एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांत चालतात. बाबांची शुगर त्या आठवड्यात फार वर-खाली असेल तर आधी ती आटोक्यात आणा, पण ‘शुगर नॉर्मल झाल्यावर बघू’ म्हणून वर्षं घालवू नका.

दुसरी तयारी आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांची, कारण बाबांच्या बाबतीत तिथे वेळ गेला की नुकसान होतं. ताप-खोकला सुरू झाला त्याच दिवशी घरच्या किटवर तपासा. वाचायची वेळ किटच्या कागदावर असते, बहुतेक १५ ते २० मिनिटं. ‘टी’ची रेघ फिकट आली तरी ती पॉझिटिव्हच. निगेटिव्ह आली आणि लक्षणं वाढतच असतील तर दुसऱ्या दिवशी आरटीपीसीआर करा, घरच्या किटवर विसंबू नका. कोविडवरची निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर ही गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांतच उपयोगाची. पण ती बाबांच्या क्लोपिडोग्रेलचं काम कमी करते आणि कोलेस्टेरॉलच्या अटोरव्हास्टॅटिन गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवते. किडनी कमजोर असेल तर तिचा डोसही कमी करावा लागतो. म्हणून बाबांच्या चालू गोळ्यांची यादी आणि अलीकडचा क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीचा आकडा) एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. रात्री अकरा वाजता नवख्या डॉक्टरसमोर हा कागदच बाबांच्या कामी येईल. शुगरच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उलट्या होत असताना किंवा जेवण बंद असताना ती चालू ठेवणं धोक्याचं असतं. शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं. अशा दिवसांत ती थांबवायची का, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटं शांत बसवा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको. आकडा स्थिर होईस्तोवर थांबा, पहिला दिसलेला आकडा लिहू नका. बसल्या जागी ९४ किंवा वर असेल आणि पायांत ताकद असेल तरच घरातल्या घरात तीन मिनिटं चालवून पुन्हा बघा. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा चारने उतरला, किंवा धाप लागली, तर रुग्णालय. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: ऑक्सिजन व्यवस्थित असताना कुणी ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून स्टेरॉइड लिहून दिलं तर घेऊ नका, आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णाला त्याचा फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो, आणि शुगर भडकते ती वेगळीच. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या रुग्णांनी मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे वॉर्ड कसे भरले होते, ते नागपूरकरांना सांगायला नको. त्यात शुगर असलेले आणि स्टेरॉइड मिळालेलेच जास्त होते.

आता मिस्टरांच्या भीतीबद्दल. तिला थट्टेवारी नेऊ नका, त्यामागे एक खरी गोष्ट आहे. कोविशिल्डच्या जातीच्या लसीनंतर फार क्वचित, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं आढळलं आणि ते कंपनीनेही मान्य केलं. पण असं होतं ते लस घेतल्यावर साधारण चार ते ४२ दिवसांत, आणि जास्त करून पहिल्या डोसनंतर. बाबांचे तीन डोस होऊन ती मुदत केव्हाच सरली. त्या डोसमुळे आता गुठळी होईल, अशी भीती ठेवायचं कारण नाही. तरण्याताठ्या माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांत केला, १८ ते ४५ वयातल्यांचा. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात आधी असा मृत्यू झालेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत अतोनात दारू प्यालेल्यांत आणि अंगाला न झेपणारी मेहनत केलेल्यांत. एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना यांसारख्या) लसीनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते हेही खरं, पण तेही दुर्मिळ, आणि मुख्यतः तरुण मुलांमध्ये. ७४ वर्षांच्या माणसाला कोविडने होणारी हृदयाची इजा हा त्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. मिस्टरांना वाटत असेल तर बाबांच्या पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या, त्यांना डॉक्टरांना थेट विचारू द्या. घरात वाद घालण्यापेक्षा ते बरं.

तुम्ही दोघं ४१ आणि ४५ चे, आजार नाही असं धरतो. राहिलेल्या प्रिकॉशन डोससाठी धावपळ करू नका. मुलांसाठीही नाही. १४ वर्षांच्या निरोगी मुलीला आज कोविडपासून गंभीर आजाराचा धोका फार कमी आहे. मुलाला मात्र फ्लूची लस देणार असाल आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तर नऊ वर्षांखाली चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. एकच देऊन सोडलं की अर्धवट राहतं. पुढच्या वर्षापासून एक.

बहिणीला गरोदरपणात फ्लूची इंजेक्शनवाली लस कुठल्याही महिन्यात चालते, आणि ती घ्यावीच. आईची प्रतिकारशक्ती बाळाला पहिल्या सहा महिन्यांत उपयोगी पडते, कारण तेवढ्या लहान बाळाला स्वतःला फ्लूची लस देता येत नाही. डांग्या खोकल्याची लस २७ ते ३६ आठवड्यांत. कोविडची मिळाली तर शेवटच्या डोसला सहा महिने होऊन गेले असतील तेव्हा एक डोस, असं जागतिक संघटना सांगते. आपल्याकडेही २ जुलै २०२१ पासून गरोदर बायांना परवानगी आहे.

नणंदेच्या मुलाकडे मात्र बाबांइतकंच लक्ष द्या. आधी रिपोर्टवर बघा, एसएस आहे की एएस. विदर्भात बरेच लोक नुसत्या सोल्युबिलिटी तपासणीवर थांबतात, पण त्यात वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये कळतो. एएस म्हणजे वाहक, त्याला वेगळी लस लागत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. तसं असेल तर त्याची प्लीहा बहुतेक काम करत नसते, आणि न्यूमोकोकस त्याच्या जिवावर उठू शकतो. त्याला न्यूमोनियाच्या दोन्ही लसी (इथे पीसीव्ही १३ नंतर आठ आठवड्यांनीच २३ देता येते, आणि पाच वर्षांनी ती पुन्हा), मेनिन्जायटिसची लस आणि दर वर्षी फ्लू. कोविडची नवी लस कधी नागपुरात आली तर तरुणांमध्ये पहिला नंबर त्याचा. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर या लसींसाठी ते बंद करायचं नाही. आणि त्याला १०१ च्या वर ताप आला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालय गाठायचं.

जुनी प्रमाणपत्रं कोविनवर किंवा डिजिलॉकरवर उतरवून छापून ठेवा. पहिला डोस एका मोबाईल नंबरवर आणि दुसरा दुसऱ्यावर नोंदला गेला असेल, तर एकाच माणसाची दोन अर्धवट प्रमाणपत्रं दिसतात. डोस चुकला असं समजून गोंधळू नका, आधी घरातले सगळे नंबर टाकून बघा. ‘बूस्टरची नोंदणी करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर कट करा. बाबांना हे दोनदा सांगा.

शेवटी भावाला एक काम द्या. आई-बाबा कधी त्याच्याकडे जाणार असतील, तर तो तक्ता तेव्हा कामाचा. विमानासाठी लसीची सक्ती अमेरिकेने १२ मे २०२३ पासून उठवली, पण तिथल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्टच लस टोचतात आणि ६५ च्या वरच्यांना त्या वर्षाची नवी लस मिळू शकते. पाहुण्याला ती स्वखर्चाने घ्यावी लागेल, आणि प्रवास विम्यात लसीचा खर्च सहसा बसत नाही, म्हणून भावाने दोन-तीन दुकानांत किंमत आधी विचारावी. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच घ्या, म्हणजे ताप-अंगदुखी निवांत जाईल आणि भेटीगाठी सुरू व्हायच्या आत संरक्षण तयार होईल. तिथल्या नोंदीवर लसीचं नाव, वर्षाचा फॉर्म्युला आणि तारीख लिहून घ्या, आणि परत आल्यावर तो कागद बाबांच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या यादीमागे लावा.